प्लेटलेटवर पीएचडी करावी का? सल्ला हवा

नवखी_संशोधक:
बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी झालंय. दोन लॅबचा होकार आलाय. एकीत प्लेटलेट एकमेकींना कशा चिकटतात यावर काम, दुसरीत रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांवर. फेलोशिप चार वर्षांचीच. उंदरांवर काम करणार नाही, हे पक्कं. कोणती घेऊ?

पिपेटवाला:
प्लेटलेट, डोळे झाकून. फक्त रोज ताजं रक्त लागतं, दाता आला नाही की दिवस गेला. नळ्या फ्रीजमध्ये चालत नाहीत. गारठ्याने प्लेटलेट आकार बदलतात, मग रीडिंगवर विश्वास कसा ठेवणार? रक्त काढल्यापासून चार तासांत ॲग्रिगोमेट्री (प्लेटलेट किती चिकटतात त्याची मोजणी) उरकायची, म्हणजे जेवण विसरा.

उंदीरमामा:
जीन काढलेल्या उंदराशिवाय मोठ्या जर्नलमध्ये कोण विचारतं? माझे पेपर त्यावरच आलेत.

थ्रॉम्बो_ताई:
मामा, ती नको म्हणतेय ना! थ्रॉम्बिन म्हणजे रक्त गोठवणारं एन्झाइम. माणसाच्या प्लेटलेटवर त्याचा संदेश घेणारं मुख्य प्रथिन, म्हणजे रिसेप्टर, पार-१. उंदराच्या प्लेटलेटवर तो नाहीच, तिथे पार-३ आणि पार-४. पार-१ अडवणारं औषध साध्या उंदरावर तपासून काय हाती लागणार?

उंदीरमामा:
माणसाचा पार-४ घातलेले उंदीरही आहेत. वाचत जा.

जुना_गठ्ठा:
ताजं रक्त लागतं हे खरंच. पण खरी डोकेदुखी दात्यांची. ॲस्पिरिन आठवडा-दहा दिवस बंद हवी. प्लेटलेटला केंद्रक नसतं, नवं एन्झाइम बनत नाही. म्हणून ॲस्पिरिनने कॉक्स-१ हे एन्झाइम एकदा बंद पडलं की त्या प्लेटलेटपुरतं कायमचं बंद. दाता म्हणतो, "छे, काहीच घेतलं नाही." नळीत अरॅकिडोनिक ॲसिड टाकावं (कॉक्स-१ चालू असेल तर त्याने प्लेटलेट चिकटतात), तर मोजणीची रेघ जागची हलत नाही. मग खोदून विचारलं की सर्दीची गोळी बाहेर येते.

गोठलेला:
ॲग्रिगोमेट्रीचं बॉर्नने 1962 मध्ये मांडलेलं तत्त्व अजून घासताय! प्रथिनांकडे जा. प्लाझ्मा उणे 80 ला ठेवून सवडीने काम होतं. चार वर्षांत संपवायचं तर हेच.

पिपेटवाला:
जुनं म्हणून वाईट का? ग्लान्झमनच्या आजाराची (यात जन्मतःच प्लेटलेट एकमेकींना नीट चिकटत नाहीत) तपासणी आजही त्यावर होते.

थ्रॉम्बो_ताई:
विषय भरकटतोय. नवखी, दोन्हीकडच्या आताच्या विद्यार्थ्यांना गाठ, गाइडना नाही. दाते कोण जमवतं? माणसांचं रक्त वापरायला एथिक्स कमिटीची मंजुरी हातात आहे की "येईलच"? माझ्या गाइडचं "येईलच" ऐकण्यात पहिलं वर्ष गेलं.

जुना_गठ्ठा:
हेच लिहिणार होतो. दात्यांचं आधी बघा.

नवखी_संशोधक:
सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे विचारलं. प्लेटलेटवाल्यांकडे मंजुरी "येईलच" आहे. प्रथिनांचं काम बरंचसं आधीच्या विद्यार्थ्याने संपवलंय. म्हणून तिसरीकडेच होकार कळवला. रक्तपेढीशी जोडलेली लॅब आहे, साठवलेल्या प्लेटलेट का खराब होतात यावर काम. मुदत संपलेल्या पिशव्या मिळतात, मंजुरीही आहे.

पिपेटवाला:
पाच दिवस शेकरवर हललेल्या प्लेटलेट! त्या अर्ध्या दमलेल्याच असतात.

नवखी_संशोधक:
का दमतात, तोच तर विषय आहे.

उंदीरमामा:
पिशवीतल्या प्लेटलेट शरीरात किती टिकतात हे कशात बघणार? लागतीलच उंदीर.