मदत हवी आहे : समुद्राकाठची जुनी ८ इंची डॉब्सोनियन दुर्बीण घेऊ का?

नमस्कार मंडळी. सध्या माझ्याकडे ११४ मिमी आरशाची न्यूटोनियन दुर्बीण आहे. गुरूचे पट्टे, शनीची कडी छान दिसतात, पण शौरी तारकासमूहातला एम १३ हा तारकागुच्छ वेल्ह्याच्या अंधारातही कडेचे मोजके तारे सोडले तर धुरकट गोळाच राहतो. तो सुट्या ताऱ्यांनी भरलेला बघायची फार इच्छा आहे.

अलिबागचे एक गृहस्थ २०० मिमी आरशाची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवर फिरणारी न्यूटोनियनच) विकताहेत. प्रकाश जवळजवळ तिप्पट गोळा होईल, म्हणून मन तिथेच अडकलंय. काळजी आहे ती आरशाची. दुर्बिणीने बरेच पावसाळे खाऱ्या हवेत काढलेत, आणि फोटोत मुख्य आरशाच्या कडेला तांदळाएवढे पांढुरके डाग दिसतात. नुसती धूळ असेल तर हरकत नाही, तिने प्रतिमा फारशी बिघडत नाही. पण बुरशी आहे की आरशावरचा चकाकता मुलामाच उडालाय, हे प्रत्यक्ष बघताना कसं ओळखायचं? टॉर्च मारला की चांगला आरसाही भयानक दिसतो, त्यामुळे त्यावर माझा भरवसा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा नवा मुलामा पुण्या-मुंबईत कोणी खात्रीने करून देतं का? खर्च साधारण किती?

रात्री ताऱ्यावर फोकस आत-बाहेर करून प्रतिमा कशी दिसते ते बघणारच आहे. ढग आले तर मात्र काय तपासू? तळाचा पार्टिकल बोर्ड दमटपणाने फुगलाय का, एवढंच सध्या सुचतंय.

जुनी डॉब्सोनियन घेतलेल्यांनी कृपया सविस्तर लिहा. रविवारपर्यंत त्यांना कळवायचं आहे.