लाकूडतोडीच्या शर्यती: जेसन वाइनयार्डबद्दल कुणी सांगेल का?

आलापल्लीकर

वडील आलापल्लीच्या लाकूड डेपोवर कामाला होते, त्यामुळे सागाचे ओंडके आणि कुऱ्हाडी बघतच मोठा झालो. परवा भाच्याने मोबाइलवर न्यूझीलंडच्या जेसन वाइनयार्डचा व्हिडिओ दाखवला. गडी आडव्या ओंडक्यावर उभा, घाव घालतोय स्वतःच्याच दोन पावलांच्या मधे, आणि बघता बघता ओंडक्याचे दोन तुकडे! यात ताकद किती आणि कसब किती? शिवाय यावर संसार चालतो का? माहीतगारांनी जरा सविस्तर लिहावं, मनापासून विचारतोय.

वायकाटोवासी

मी न्यूझीलंडमध्येच, हॅमिल्टनजवळ राहतो. उन्हाळा लागला की इथे गावोगाव शेतकी जत्रा भरतात आणि त्यांत लाकूडतोडीचा फड असतोच. जेसनला मी असाच प्रत्यक्ष पाहिला. साडेसहा फुटांच्या आसपास उंच, खांदे दारात मावणार नाहीत असे. पण लक्षात राहिली ती शर्यतीआधीची त्याची तयारी.

ओंडका वाट्याला आला की आधी त्यावर पाय रोवायला सपाट जागा करून घ्यायची. मग खाली वाकून गाठ कुठे, शीर कुठून कुठे जाते ते बघायचं. हे तो फार सावकाश, कुणाशी न बोलता करायचा. एका पेटीत त्याच्या कुऱ्हाडी, प्रत्येक पातं वेगळं गुंडाळलेलं. मऊ लाकडाला बारीक धारेची, टणक लाकडाला किंचित जाड धारेची. मऊ लाकडाची कुऱ्हाड टणक गाठीवर बसली तर पात्याचा तुकडाच उडतो. या पात्यांना दाढी करण्याइतकी धार असते. म्हणून आडव्या ओंडक्याच्या शर्यतीत बऱ्याच ठिकाणी पायांत लोखंडी कड्यांचे मोजे सक्तीचे असतात.

मग घाव. एक वरून तिरपा, एक खालून तिरपा, मधली ढलपी सुटून लांब उडाली पाहिजे. ढलपी जागेवर अडकली की पुढचा घाव वाया. निम्म्याच्या पुढे गेलं की मागे वळायचं आणि दुसऱ्या बाजूने तेच. दोन्हीकडच्या खाचा नेमक्या समोरासमोर आल्या तरच शेवटच्या घावाला ओंडका सुटतो. टिंबरस्पोर्ट्स ही लाकूडतोडीची आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिका, तिथे हा आडवा ओंडका ३२ सेंटिमीटर जाडीचा असतो, आणि अव्वल माणूस तो पंधरा सेकंदांच्या आत तोडतो. ताकद तर हवीच. पण जत्रेत ताकदवान शेतकरी पोरं चिक्कार येतात आणि ढलपी न सुटल्याने तिथेच फसतात. माझ्या मते जेसन जिंकायचा तो लाकूड वाचण्यावर.

त्याची कारकीर्द: जन्म १९७३, माओरी म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांतला, वडीलही याच खेळातले. टिंबरस्पोर्ट्सचं वैयक्तिक जगज्जेतेपद त्याने नऊ वेळा मिळवलं, चाळिशी ओलांडल्यावरसुद्धा. तिथे सहा प्रकार एकाच माणसाला करावे लागतात: तीन कुऱ्हाडीचे, तीन करवतीचे. त्यातला खांबावर चढण्याचा प्रकार मला सगळ्यांत आवडतो. खांबात खाच पाडायची, तीत फळी खोवायची, फळीवर चढून वर दुसरी खाच, दुसरी फळी, आणि जमिनीपासून नऊएक फुटांवर उभं राहून माथ्याचा ओंडका तोडायचा. पूर्वीचे जंगलातले लोक बुंध्याचा फुगीर भाग टाळून वर तोड करत, ते तंत्र इथे खेळात टिकलंय. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला १९६० पासून लाकूडतोड्यांची मोठी स्पर्धा होते, तीही त्याने वर्षानुवर्षं गाजवली. बायको कार्मिन स्वतः करवतीची चॅम्पियन, दोघं जोडीनेही जिंकायचे. मुलगा टाय मात्र बास्केटबॉलकडे गेला.

डिसेंबर २०२३ मध्ये, अवघ्या पन्नाशीत, लिम्फोमाने, म्हणजे एका प्रकारच्या कर्करोगाने, जेसन गेला. त्या आठवड्यात इथल्या दुकानात, पेट्रोल पंपावर लोक त्याच्याबद्दल हळहळत होते. मलाही फार लागलं.

होमबुशची_शमा

वायकाटोवासी, सुंदर लिहिलंत. सिडनीच्या ईस्टर शोमध्ये, म्हणजे इथल्या मोठ्या शेतकी जत्रेत, आम्ही दरवर्षी लेकीला घेऊन लाकूडतोड बघतो, म्हणून थोडी भर.

इथे बऱ्याच शर्यती सवलतीच्या असतात. पंच मोठ्याने आकडे मोजतो, प्रत्येकाचा आकडा ठरलेला. नवखा पोरगा तीनलाच सुरू करतो. चॅम्पियन मात्र कुऱ्हाड हातात धरून उभा, शेजाऱ्यांच्या ढलप्या उडतायत, मोजणी वीसच्या पुढे गेली तरी त्याने हलायचं नाही. जितकी विजेतेपदं जास्त तितकं उशिरा सुटायचं. मला तर या थांबण्याचंच कौतुक वाटतं. एवढ्या गोंगाटात हात आवरून धरणं सोपं नाही.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरचा डेव्हिड फॉस्टर हे असं थांबूनही हजाराच्या वर विजेतेपदं मिळवून गेला. जगज्जेतेपद सलग २१ वर्षं. तोही लाकूडतोड्याचाच मुलगा, वडील जॉर्ज यांच्यासोबत दोघांनी ओढायची करवत चालवायचा. आणि खेळाची मुळंही टास्मानियातच सांगतात: १८७० साली दोन लाकूडतोड्यांनी पैज लावली, झाड आधी कोण पाडतो. १८९१ मध्ये लाट्रोबला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

आलापल्लीकर

दोघांचेही मनापासून आभार. ढलपी सुटण्याचं आमच्या वडिलांच्या तोंडूनही ऐकलंय, तोडणीवाल्यांत तीच पारख असायची. संसाराचा प्रश्न राहिला. शिवाय कुऱ्हाडी कुठल्या वापरतात?

वायकाटोवासी

कुऱ्हाडी बहुतेकांकडे तुआताहीच्या. उत्तर बेटावरच्या मास्टरटन गावात बनतात आणि जगभर जातात. चांगलं पातं लोक पोरांना वारशात देतात, कारण हा खेळच घराण्यांचा आहे. टाउमारुनुई गावचं बोल्स्टॅड घराणं घ्या, आधी सनी, मग मुलगा डेव्हिड. हा डेव्हिड जेसनच्या तोलाचा होता, २०११ मध्ये अचानक वारला.

संसाराचं स्पष्ट सांगतो: नुसत्या बक्षिसांवर चालत नाही. गावच्या जत्रेतलं बक्षीस प्रवासखर्चातच जातं. प्रायोजक, परदेशातले प्रात्यक्षिकांचे कार्यक्रम असं अगदी वरच्या मोजक्या लोकांना मिळतं. बाकीचे सोमवारी पुन्हा शेतावर, कुंपणाच्या नाहीतर जंगलाच्या कामावर. आमच्या रस्त्यावरच एक गृहस्थ आहेत, दिवसभर कुंपणं घालतात आणि संध्याकाळी गॅरेजचा दिवा लावून निसण्यावर धार काढत बसतात. भाच्याला खरंच गोडी लागली असेल तर त्याला आधी ही धार काढताना दाखवणारे व्हिडिओ शोधून द्या, तोडण्याचे नंतर.