मदत हवी आहे: गरोदरपणात बीपी वाढलं होतं, आता हृदयाची तपासणी कुठे आणि किती दिवसांनी?

नमस्कार मंडळी. माझ्या धाकट्या जावेला पहिल्या खेपेला आठव्या महिन्यात प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा गंभीर आजार) झाला. पाय सुजले, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. डिस्चार्ज कार्डावर अजून लिहिलेलं आहे: बीपी १६०/११०, लघवीत प्रोटीन. सिझर करून बाळ लवकर काढावं लागलं. बाळंतपणानंतर बीपी उतरलं, गोळ्या बंद झाल्या आणि ती फाइल कपाटात गेली. पुढे काय जपायचं, हे कोणी सांगितलंच नाही.

आता वाचनात आलं, की असा त्रास झालेल्या बाईला पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतरांच्या साधारण दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने तर २०११ सालीच हा इतिहास धोक्याच्या यादीत घातला. लेकराच्या लसींचं कार्ड आपण जिवापाड सांभाळतो, आईचं बीपी वर्षातून एकदाही बघत नाही, याचं फार वाईट वाटतं.

ती आज पस्तिशीची आहे, त्रास काहीच नाही. सासूबाई म्हणतात, "बाळंतपणातलं दुखणं बाळंतपणाबरोबर गेलं." पण मला स्वस्थ बसवत नाही.

सांगली-मिरजेकडे कोणाला दाखवावं? फिजिशियन पुरे, की थेट हृदयरोगतज्ज्ञ? बीपी, साखर, कोलेस्टेरॉल, लघवीतलं प्रोटीन दरवर्षी बघायचं का? इको (हृदयाची सोनोग्राफी) लागतो का? शिवाय तिला दुसरं मूल हवंय. हा त्रास पुन्हा होऊ नये म्हणून कोणाला पुढच्या खेपेला सुरुवातीपासून ॲस्पिरिन दिली होती का? या वाटेने गेलेल्या ताईंनी जरूर लिहा.