बटण दाबलं तरी कॉम्प्युटर ढिम्म

ब-२०४: नवीन डेस्कटॉप जोडलाय. बटण दाबलं की काहीच होत नाही. पंखा नाही, आवाज नाही. कोणी बघणार का?

क-५०१: एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारी पेटी, गेला. बदलून आणा.

अ-३०३: काका, थांबा जरा. मदरबोर्डवर एखादा बारीक दिवा लागलेला दिसतो का? एसएमपीएसच्या मागचा स्विच I च्या बाजूला आहे ना?

ब-२०४: स्विच चालू आहे. बोर्डच्या कोपऱ्यात पांढरा दिवा आहे.

अ-३०३: मग एसएमपीएस अगदीच मेलेला नाही. मशीन बंद असतानाही तो बोर्डला ५ व्होल्टचा स्टँडबाय पुरवठा देतो, त्यावरच तो दिवा लागतो. बटणाने फक्त बोर्डला इशारा जातो. बोर्ड १६ नंबरची पिन, म्हणजे हिरवी वायर, ग्राउंडला (शून्य व्होल्टला) ओढतो आणि मग एसएमपीएस १२ व्होल्ट सोडतो. तेव्हा आधी बटणावरच संशय घ्या. कॅबिनेटची पॉवर स्विचची वायर काढा आणि त्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवा.

ब-२०४: त्या दोन पिना कुठल्या?

अ-३०३: मॅन्युअलमध्ये फ्रंट पॅनलचं चित्र असतं. बहुतेक बोर्डांवर ६ आणि ८. समोरच्या ५ आणि ७ रीसेटच्या, सगळा घोळ तिथेच होतो. स्विचच्या वायरीला उलटसुलट काही नसतं, एलईडीच्या वायरीला मात्र प्लस-मायनस असतं.

ब-२०४: वायर रीसेटवरच होती 🙈 पिना टेकवल्यावर पंखा अर्धा फेरा फिरला आणि थांबला. आता परत टेकवलं तर तेवढंही नाही.

ड-१०२: ही खूण महत्त्वाची आहे. अर्धा फेरा आणि बंद, म्हणजे बहुतेक वेळा कुठेतरी शॉर्ट आहे आणि एसएमपीएसने स्वतःला वाचवायला पुरवठा तोडलाय. अनेक एसएमपीएस एकदा असे अडकले की मागचा स्विच बंद केल्याशिवाय सुटत नाहीत. प्लग काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरा, बोर्डवरचा दिवा विझू द्या. मग लावा.

क-५०१: म्हणजे एसएमपीएसच ना शेवटी!

ड-१०२: काका, तो आपलं काम चोख करतोय 😄 नुसता एसएमपीएस तपासायचा तर बोर्डपासून सगळ्या केबली सोडवा आणि २४ पिनी कनेक्टरमध्ये १६ आणि १७ नंबर पेपरक्लिपने जोडा. हल्ली सगळ्या वायरी काळ्या असतात, तेव्हा रंगावर जाऊ नका, पिन मोजा. पंखा फिरला तर तो चालू होतो इतकंच कळतं. काही मॉडेलांचा पंखा कमी लोडवर मुद्दाम थांबलेला असतो, म्हणून मल्टीमीटर लावलेला बरा. १२ ची लाइन ११.४ ते १२.६ मध्ये हवी, ५ ची ४.७५ ते ५.२५. आणि एसएमपीएसची पेटी कोणीही उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या वर राहू शकतं.

अ-३०३: पेपरक्लिपच्या आधी सोपं करा. ग्राफिक्स कार्ड काढा, ड्राइव्ह काढा, एकच रॅम ठेवा. दर वेळी आधी मागचा स्विच बंद.

ब-२०४: सगळं काढलं. तेच. अर्धा फेरा.

अ-३०३: आता प्रोसेसरजवळची ८ पिनी केबल काढून बघा. पंखे फिरत राहिले तर दोष प्रोसेसरच्या १२ व्होल्टच्या लाइनवर. बाय द वे, तिथे ४+४ वाली केबल लागते. ६+२ वाली ग्राफिक्स कार्डाची, ती इथे दाबून बसवायची नाही.

ब-२०४: केबल ४+४ च होती. ती काढली तरी लगेच बंद होतंय.

ड-१०२: बोर्ड कुठला, लहान मायक्रो-एटीएक्स का? आणि कॅबिनेट मोठं?

ब-२०४: हो.

ड-१०२: मग बोर्ड बाहेर काढा आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून चालू करा. कॅबिनेटमध्ये पितळी स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड टेकवायचे छोटे खुंट, मोठ्या बोर्डाच्या हिशेबाने आधीच बसवलेले असतात. ज्याच्या वर बोर्डला भोक नाही तो बोर्डच्या मागच्या सोल्डरच्या डागांना टेकतो आणि थेट शॉर्ट.

ब-२०४: खोक्यावर पंखे फिरतायत!! कॅबिनेटमध्ये मधल्या रांगेत एक जास्तीचा स्टँडऑफ आहे. पण स्क्रीन काळीच, बोर्डवर डीरॅम लिहिलेला दिवा लागलाय.

अ-३०३: रॅम डीडीआर५ असेल तर हात लावू नका. पहिल्यांदा बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करतो, म्हणजे रॅमशी वेग जुळवून घेतो, त्याला काही मिनिटं लागू शकतात. लोक नेमकं तेव्हाच घाबरून बंद करतात आणि सगळं पहिल्यापासून. पंधरा मिनिटांनीही दिवा तसाच असेल तर बंद करून रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये, खटका वाजेपर्यंत दाबा.

ब-२०४: आली स्क्रीन 🙏 आता स्टँडऑफ काढून कॅबिनेटमध्ये बसवतो.

ड-१०२: ग्राफिक्स कार्ड लावताना मॉनिटरची केबल कार्डात, बोर्डात नको. कार्डाला दोन ८ पिनी सॉकेट असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या केबली ओढा. एका सॉकेटचं माप १५० वॅट, स्लॉटमधून आणखी ७५. एकाच केबलच्या दोन फांद्या लावल्या तर सगळा भार एका केबलवर येतो, मग गेम सुरू केला की मशीन बंद पडतं आणि लोक विंडोजला शिव्या देतात.

ब-२०४: एक शेवटचं. हार्ड डिस्कसाठी साटा पॉवरची केबल कमी पडतेय. जुन्या मॉड्युलर (केबली सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची आहे, खाचेत बसतेही. लावू?

ड-१०२: अजिबात नको. डिस्ककडचं टोक सगळ्यांचं सारखं असतं, एसएमपीएसकडचं नाही. ५ च्या जागी १२ व्होल्ट गेले की डिस्क जागच्या जागी जळते. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक असू शकतो. नवीन खोक्यातली पिशवी नीट बघा, केबल तिथेच असेल.

क-५०१: एसएमपीएस चांगला आहे तर 😐

ब-२०४: पिशवीत आहे केबल.