जमलेल्या रीफ टँकमध्ये सिक्सलाइन रॅस सोडावा का?

खारेपाणी (धागाकर्ता)

मंडळी, मत हवंय आणि रोखठोक हवंय.

ठाण्याच्या घरात चार फुटी, साधारण ३०० लिटरचा मरीन टँक आहे, खाऱ्या पाण्यात जिवंत प्रवाळ वाढवलेला, म्हणजेच रीफ. प्रवाळ सगळे मऊ: झोआ, मश्रूम, एक मोठा लेदर. मासे गरीब स्वभावाचे. क्लाउनची जोडी, दोन फायरफिश, आणि पिस्टल श्रिंपबरोबर (ही कोळंबी) एकाच बिळात नांदणारा पिवळा वॉचमन गोबी. सगळं छान बसलं होतं, पण आता दगडांवर तांबूस फ्लॅटवर्म (बारीक चपटे किडे) पसरलेत. मश्रूमवरही थर चढतोय, खालच्यांना उजेड मिळत नाही. दुकानदार म्हणतो, सिक्सलाइन रॅस मासा टाका, किडे वेचून खाईल. मासा जेमतेम तीन इंचांचा, दिसायला देखणा, पण भांडकुदळ म्हणून बदनाम. मी टाकायच्या बाजूने आहे: आठवडाभर टँकमध्येच ॲक्लिमेशन बॉक्समध्ये (नव्या माशाला सवय व्हावी म्हणून लटकवायचा डबा) ठेवायचा, मग टँकचे दिवे बंद झाल्यावर सोडायचा. कोणाचा विरोध?

स्किमर

माझा. बॉक्समध्ये ठेवणं, अंधारात सोडणं, काचेला आरसा लावून जुन्यांचं लक्ष वळवणं, हे सगळे उपाय नव्या माशाला जुन्यांच्या तावडीतून वाचवायचे आहेत. तुमच्याकडे जुने कोण? फायरफिश! ते कोणावर धावून जाणार? तुमची अडचण उलटी आहे. सिक्सलाइन आला की आधी दगडांच्या फटीत लपून राहील, तुम्ही म्हणाल किती गुणी. लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकायला मिळालं की हळूहळू खिडकीपर्यंत सरकणारे असतात ना, तसा. एकदा हद्द ठरली की फायरफिशमागे लागेल. फायरफिश लढत नाही. बिळात शिरतो, खाणं सोडतो, नाहीतर उडी मारून फरशीवर. आठवडाभराच्या बॉक्समध्ये यातलं काहीही दिसणार नाही.

आणि ‘आक्रमक आहे का’ हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. आधी हे सांगा, नाही पटलं तर बाहेर कसा काढणार? लेदर आणि मश्रूम दगडांना चिकटलेत. एका मित्राचा सिक्सलाइन काढायला मदतीला गेलो होतो. जाळी हलली की तो दगडात. शेवटी अर्धं पाणी उपसून, प्रवाळांसकट दगड बादल्यांत काढावे लागले. जो मासा परत काढता येत नाही, तो जमलेल्या रीफमध्ये सोडू नये. माझं मत एवढंच.

टँकवाला_बाब्या

साफ असहमत. सिक्सलाइनच्या तक्रारी नीट वाचा. बहुतेकांनी तो आधी टाकलेला असतो आणि त्याच्या राज्यात नंतर दुसरे मासे आणलेले असतात. तिखट मासा सगळ्यात शेवटी, हा जुना नियम आहे आणि धागाकर्ते तेच करतायत. माझ्याकडे तो फायरफिशबरोबर कित्येक वर्षं आहे. दिवसातून तीनदा थोडं थोडं खायला घाला, लपायला फटी भरपूर ठेवा. पोट भरलेला मासा कमी भांडतो. तुमच्यासारखा विचार केला तर रीफमध्ये क्लाउनसुद्धा ठेवता येणार नाही. अंडी राखणारी क्लाउनची मादी हाताला कडकडून चावते, तिला कोणी गुंड म्हणत नाही.

स्किमर

बाब्याभाऊ, तुमचा टँक केवढा?

टँकवाला_बाब्या

सहा फुटी. पण मुद्दा तो नाही.

स्किमर

मुद्दा तोच आहे हो! सहा फुटांत हाकललेल्या माशाला नजरेआड जायला जागा मिळते. चार फुटांत कुठे जाणार? क्रमाचं म्हणणं मान्य, पण त्याची दुसरी बाजू सांगा ना. सिक्सलाइन शेवटचा म्हणजे खरोखर शेवटचा. उद्या एखादा फायरफिश गेला आणि जोडीला नवा आणावासा वाटला, तर तो टिकणं मुश्कील.

मुग्धा_एम

तुम्ही दोघं माशाच्या स्वभावावरून भांडताय, पण तो हे किडे खाईल हे कोणी ठरवलं? काही सिक्सलाइन फ्लॅटवर्म खातात, काही ढुंकूनही बघत नाहीत. दगडांवर कोपेपॉड (माशांना आवडणारे सूक्ष्म जीव) आहेत, वरून तुम्ही मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) टाकणार. मग तो चपटा बेचव किडा कशाला खाईल? म्हणजे भांडखोर पाहुणा कायमचा आणि किडे तसेच.

पातळ नळी घ्या, पाणी बदलताना किडे ओढून काढा, खाली फिल्टर सॉक (गाळणीची पिशवी) लावा. पुन्हा पुन्हा करा. औषध वापरायचंच तर आधी शक्य तेवढे किडे काढून मगच. ते एकदम मेले की विष सोडतात, त्यात मासेही जातात. त्या दिवशी विष शोषायला ताजा कार्बन आणि बदलायला पाणी तयार ठेवा. आणि इतके किडे का झाले तेही बघा: खाणं जास्त पडतंय का, कुठल्या कोपऱ्यात प्रवाह मंद आहे का. जिवंत मासा केरसुणी म्हणून विकत आणायची ही पद्धत मला मुळातच पटत नाही.

(अवांतर: मऊ प्रवाळ आहेत हे बरं. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. कोणी गळ्यात मारायला आलं तर घेऊ नका.)

दर्याकिनारा

क्वारंटीनचं, म्हणजे नवा मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवायचं, कोणीच बोलेना! धागाकर्ते बॉक्स सरळ मुख्य टँकमध्येच लटकवणार आहेत. त्या बॉक्सला भोकं असतात, पाणी एकच. व्हाइट स्पॉट (पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी रोग) घेऊन आला तर भांडणाआधीच सगळे आजारी. रीफमध्ये त्यावरचं तांब्याचं औषध घालता येत नाही, श्रिंप, गोगलगायी, प्रवाळ सगळं मरतं. मग सगळे मासे बाहेर काढून वेगळ्या टाकीत उपचार आणि रीफ ७६ दिवस माशांविना ठेवायचा. मासा गुंड असो की संत, आधी वेगळी टाकी.

टँकवाला_बाब्या

क्वारंटीनला +१, तिथे वाद नाही. पण मुग्धाताई, केरसुणी कसली? समुद्रात तो दिवसभर दगड टोकरत किडेच वेचतो, इथेही तेच करेल. आणि स्किमर, पकडायला सापळा असतो. पारदर्शक डबा, आत खाणं, दोरी हातात. धीर धरला तर येतो.

स्किमर

येतो. त्याच्याआधी क्लाउन चार वेळा येतात. तोवर फायरफिश उपाशी.

खारेपाणी

वाचलं सगळं. बाब्यांचं ‘शेवटी टाका’ पटत होतं, पण मुग्धाताईंनी मुळावरच घाव घातला, खाईलच याची खात्री नसेल तर एवढी जोखीम कशाला? शिवाय दगड बादल्यांत काढायची माझी अजिबात तयारी नाही. या रविवारपासून नळीने सुरुवात करतो. तरी एक शंका: मेलान्युरस रॅस कमी भांडतो आणि किडे खातो असं म्हणतात. तो चालेल?

टँकवाला_बाब्या

सिक्सलाइनपेक्षा बराच शांत, पण खाईलच याची हमी त्याचीही नाही. लहान गोगलगायी आणि बारके श्रिंपही मटकावू शकतो. रात्री वाळूत पुरून झोपतो, त्यामुळे बारीक वाळूचा निदान दोन इंचांचा थर हवा. आणि उडी मारतो, वर जाळी लागेल. फायरफिश असून अजून लावली नसेल तर ती आजच लावा.

स्किमर

जाळीला माझंही +१. मेलान्युरसवर वेगळा धागा काढा, तिथे भेटू.