उतारवयातला वर्ड्सवर्थ आणि चित्रं: सुरुवात कुठून करू?

पानगळ:
मंडळी, जरा मदत हवीये. मी चित्रकला शिकवते आणि कविता आवडीने वाचते. वर्ड्सवर्थ म्हटलं की कॉलेजातले डॅफोडिल्स एवढंच आठवतं, पण परवा कळलं की पुढेपुढे त्याने चित्रांवर बऱ्याच कविता लिहिल्यात. ज्याला विचारावं तो म्हणतो नंतरचा वर्ड्सवर्थ रटाळ, हात लावू नका. खरंच तसं आहे का? नेमकं काय वाचू?

जुना_खलाशी:
ताई, रटाळ म्हणणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. पील कासल नावाच्या किल्ल्यावरच्या कवितेपासून सुरुवात करा, ती १८०६ ची, म्हणजे उतारवयातली नाही, पण पुढचं सगळं तिथूनच निघतं. त्याचा धाकटा भाऊ जॉन, जहाजाचा कप्तान, फेब्रुवारी १८०५ मध्ये जहाजासकट बुडाला. नंतर त्याने चित्रकार मित्र सर जॉर्ज बोमॉन्टचं चित्र पाहिलं, वादळ, खवळलेला समुद्र आणि तो किल्ला. ह्याच किल्ल्यासमोर तो पूर्वी उन्हाळ्यात चार आठवडे राहिलेला आणि तेव्हा पाणी आरशासारखं शांत होतं. म्हणतो, तेव्हा माझ्या हातात चित्रकाराचा ब्रश असता तर मी शांत समुद्रच काढला असता, पण आता तुझंच चित्र खरं. भावाचं नाव कवितेत कुठेच नाही, नुसतं एवढंच की तो जगता तर तुझाही मित्र झाला असता. मला दरवेळी तिथे थांबावं लागतं.

मग १८११ चं सुनीत घ्या, तेही बोमॉन्टच्याच चित्रावर. ढग जागच्या जागी थांबलाय, धुराची बारीक रेघ निसटत नाही, वाटसरू झाडीत दिसेनासे व्हायच्या आतच थबकलेत. चित्र वेळेला कसं धरून ठेवतं हे इतकं साधं कुणी सांगितलेलं मी तरी वाचलं नाही.

आणि १८३४ ची, एफ. स्टोनने काढलेल्या पोर्ट्रेटवरची, ती तर चुकवूच नका. त्यात स्पेनमधल्या एस्कोरियलच्या मठातला म्हातारा साधू येतो, भोजनगृहात इटालियन चित्रकार टिशियनचं 'लास्ट सपर' (येशूचं शेवटचं जेवण) लावलेलं. साधू म्हणतो, इतकी वर्षं त्या चित्रासमोर बसलो, बरोबरचे एकेक करून गेले, चित्रातली माणसं मात्र तशीच, कधीकधी वाटतं तीच खरी आणि आपण सावल्या.

हेमंत_ऋतू:
वरच्या यादीला माझं पूर्ण अनुमोदन, पण १८४६ चं सचित्र पुस्तकं आणि वर्तमानपत्रांवरचं सुनीतही सोबत वाचा, नाहीतर अर्धंच कळेल. तोवर 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' हे सचित्र साप्ताहिक निघून चार वर्षं झालेली आणि हा पंचाहत्तरी ओलांडलेला माणूस कळवळून विचारतो की आता सगळं डोळ्यांनीच बघायचं का, जिभेला आणि कानाला काहीच काम नाही? मला ह्यात विसंगती वाटत नाही. एका चित्रासमोर तासभर बसणं वेगळं आणि पानापानावर चित्रं चाळत जाणं वेगळं.

चित्रकार हेडनचाही किस्सा आहे. त्याने वॉटर्लूच्या रणांगणावरचा वेलिंग्टन (नेपोलियनला तिथे हरवणारा सेनापती) रंगवला, वर्ड्सवर्थने १८४० मध्ये त्यावर सुनीत लिहिलं, मग १८४२ मध्ये हेडनने वर्ड्सवर्थलाच हेलव्हेलिन डोंगरावर उभा रंगवला, मान खाली, हाताची घडी. लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, नेटवर सहज दिसेल.

पानगळ:
दोघांचे मनापासून आभार! किल्ल्याचं वाचून अंगावर काटा आला. शनिवारच्या वर्गात मुलांना आधी शांत समुद्र काढायला सांगते, मग बोमॉन्टचं चित्र दाखवेन, कविता त्यानंतर.