पठाणालगत पाणी येतंय: लाकडी होडीला फायबर चढवावं का?

रेवदंडा_बंदर
होडी 26 फुटी. पठाण (तळाचा कणा) सागाचा, वाक (आतल्या फासळ्या) आईनाचे, फळ्या आंब्याच्या. मार्चपासून पत्र्याखाली होती. नारळी पौर्णिमेनंतर पाण्यात सोडली तर पठाणाला लागून असलेल्या पहिल्या फळीच्या सांध्यातून तासाला दोन बादल्या पाणी येतंय. होडीचं काम जाणणारा मेस्त्री जवळपास उरलेला नाही. फायबरवाला म्हणतो, खालचा सगळा भाग फायबरने (काचतंतू आणि रेझिनच्या थराने) मढवून टाका. काय करावं?

तासणी
मढवू नका. आधी लाकूड फुगू द्या. उथळ पाण्यात चार-सहा दिवस बांधून ठेवा आणि रोज उपसून बघा. सुकलेल्या सांध्यांचं बरंचसं गळणं एवढ्यानेच थांबतं.

तरीही पाणी आलं, तर आतून खडूने खूण करा आणि मगच होडी वर ओढा. खुणेच्या दोन्ही बाजूंना हातभर, सांध्यात पाणी अडवायला भरलेला जुना कापूस आकड्याने काढा. नव्या कापसाचा सैल पीळ करून दोन थरांत बसवा आणि वर राळ-तेलाच्या लुकणासाठी थोडी जागा सोडा. मोठी चूक होते ती इथेच: कोरड्या सांध्यात लोक कापूस ठासून भरतात. पाण्यात फळी फुगते, तिला सरकायला जागा राहत नाही. मग ती खिळे ओढते किंवा वाक तडकवते.

भरताना कापूस विरोध न करता आतच जात राहिला, तर दोष कापसाचा नाही, फळी पठाणापासून सुटली आहे. खिळे तपासा.

रेवदंडा_बंदर
तपासले. दोन खिळे हाताने निघाले, गंजून सुईसारखे बारीक झालेत. पटाशी मात्र फळीत शिरत नाही.

तासणी
मग फळी शाबूत आहे, बदलू नका. जुन्या भोकांत लाकडी खुंटी ठोका. नवे जस्ताचा मुलामा दिलेले खिळे दीड इंच बाजूला घ्या, पण एका रेषेत नको, नाहीतर फळी रेषेवरच चिरते. आधी गिरमिटाने खिळ्यापेक्षा बारीक भोक पाडून घ्या. शेजारचे खिळेही बघा, एकाच वयाचे असतील तर तेही तसेच निघतील.

उंडी_तेल
फायबर का नको, ते सांगतो. जुनी फळी ओलसर आणि तेल प्यायलेली असते, त्यावर साधं पॉलिएस्टर रेझिन नीट धरत नाही. वर फळ्या फुगतात-आकसतात, फायबर तसं हलत नाही, म्हणून तडा सांध्यावरच जातो. त्यातून शिरलेलं पाणी बाहेर निघत नाही. पावसाचं गोडं पाणी तर खाऱ्यापेक्षा वाईट, लाकूड आतून कुजतं आणि वरून होडी चकचकीत दिसते.

वाक_आणि_फर्मा
वाक बदलायची वेळ आली तर सरळ ओंडक्यातून कापलेला घेऊ नका. वळणावर लाकडाच्या रेषा आडव्या कापल्या जातात आणि वाक तिथेच मोडतो. जन्मतः वाकडी फांदीच हवी. ती ओळखणारी नजर आणि तसं लाकूड, दोन्ही आता दुर्मिळ. आपल्याकडच्या होड्यांचे नकाशे सहसा नसतात, सगळं माप मेस्त्रीच्या डोळ्यात. म्हणून होडी वर आहे तोवर दर दोन फुटांवर प्लायवूडचा फर्मा (आकाराचा साचा) काढून ठेवा.

काथ्याने शिवलेल्या होड्यांचीही हीच गत होती. नौदलाचं शिवलेलं शिडाचं जहाज कौंडिण्य गोव्यात दिवाडीला बांधलं आणि 21 मे 2025 ला कारवारला ताफ्यात आलं. शिवणकामासाठी मात्र केरळचे कारागीर आणावे लागले.